बरणीबाई आणि पांढरा गहू

धान्य संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला एक खोली होती, कायम उबदार आणि कायम बंद. तिथे भिंतभर फळ्यांवर काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. त्या बरण्यांची देखभाल करणाऱ्या बाईला केंद्रात सगळेच बरणीबाई म्हणत. पगाराच्या दिवशी सहीसाठी हाक मारणारा कारकूनसुद्धा तिचं खरं नाव आठवायला डोकं खाजवायचा आणि शेवटी बरणीबाईच म्हणायचा.

प्रत्येक बरणीत वेगळ्या वाणाचा गहू असे, आणि त्यात मोजून सोडलेले किडे. धान्यातला तो बारकासा तपकिरी, पुढे सोंड असलेला किडा सगळ्यांनी पाहिलेला असतो. कुणी त्याला सोंडा म्हणतं, कुणी टोका. मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक असं बुजवते की दाणा हातात घेऊन पाहिला तरी कळू नये. आतल्या आत अळी दाणा खाते, मोठी होते आणि एक दिवस किडा होऊन बाहेर पडते. कुठल्या गव्हातून किती किडे निघाले, किती लवकर निघाले आणि मागे पीठ किती सांडलं, हे बघायचं म्हणजे बरणीबाईचं काम. ज्या वाणात किडे कमी वाढतील तो वाण साठवणीला चांगला, एवढा साधा हिशोब.

कामावर लागली तेव्हा तिला किड्यांची शिसारी यायची. ती हळूहळू गेली. गेली नाही ती काळजी, कारण ती तिच्या स्वभावातच होती. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचं आणि कुलूप ओढून बघायला परत यायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. शाळेत मुली तिला हसायच्या, सासरी नवरा हसायचा. पण केंद्रातल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, तिला निवडलं ते याच गुणावर. "मला झाकण दोनदा बघणारीच माणसं हवीत," त्या म्हणाल्या होत्या.

कारण खोलीचा नियम एकच होता: इथला किडा बाहेर जाता कामा नये. आत जाताना वेगळा कोट, वेगळ्या चपला. बाहेर पडताना कोट झटकायचा, बाह्यांच्या घड्या उलगडून बघायच्या, केसांवरचं फडकं तिथेच काढून ठेवायचं. बाहेरच्या कुणाच्या धान्यात इथला किडा गेल्याचं कळलं तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं.

आणि बरणीबाईचं घर होतं पिठाच्या गिरणीवर.

खाली गिरणी, गिरणीमागे धान्याची खोली, वर दोन खोल्यांचा संसार. नवरा, सासूबाई आणि ती. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात. दुकानातून बंद पाकिटातलं पीठ मिळायला लागलं तशी दळणं घटली, म्हणून तिनं ही नोकरी धरली होती. गल्लीत विचारलं तर ती "धान्याच्या ऑफिसात आहे" एवढंच सांगे. काय करते ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं.

"खरं सांगितलंस ना," तो म्हणाला होता, "तर उद्यापासून गिरणीपुढे काळं कुत्रंही फिरकायचं नाही."

त्यावर्षी गिरणीत नवा गहू आला. गहू नेहमीसारखा मामांकडूनच यायचा, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाकडून. मामा वर्षानुवर्षं लाल, बारीक, काचेसारख्या टणक दाण्याचा गहू लावत. पण सासूबाईंचे दात एकेक करून गेले, आणि त्या भावाला म्हणाल्या, "अरे, तुझ्या गव्हाचं काही केलं तरी मला चाववत नाही. जरा मऊ पिठाचा लाव की." बहिणीचा शब्द मामांनी खाली पडू दिला नाही. त्यांनी निम्म्याहून जास्त शेतात पांढरा, टपोरा, मऊ गहू लावला. पीठ असं निघालं की बेकरीवाला स्वतः येऊन बोटांनी चोळून गेला आणि दर आठवड्याला पोतं ठरवून गेला. सासूबाईंना कित्येक महिन्यांनी पोटभर जेवताना बघून बरणीबाईलाही बरं वाटलं.

फक्त धान्याच्या खोलीत त्या पांढऱ्या गव्हाची थप्पी बघताना तिच्या मनात काहीतरी टोचे. बरण्यांमध्ये असाच गहू सगळ्यांत आधी पोखरला जातो, हे ती रोज बघत होती. पण त्या बरण्यांत किडे मुद्दाम सोडलेले असतात. इथे कोण सोडणार? असं म्हणून ती गप्प बसली.

मग एका सकाळी जिना उतरताना तिला भिंतीवर एक सोंडा दिसला.

एकच. आपल्या वाटेनं निवांत चालला होता. तिनं तो चिरडला, बोट पदराला पुसलं, आणि मग आठवून पदर साबणानं धुतला. दिवसभर कामात तिचं लक्ष लागेना. कोट झटकला होता ना आपण? परवा घाईत निघालो तेव्हा बाह्या उलगडून बघितल्या होत्या का? आठवायला गेलं की दहा दिवसांचे कोट एकात एक मिसळून जात आणि काहीच नक्की सांगता येत नसे.

त्या दिवसापासून ती घरी आली की जिन्याखालच्या मोरीत शिरायची. कपडे तिथेच भिजवायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, पिशवी उलटी करून झटकायची.

"रोज रोज केस काय धुतेस?" नवऱ्यानं विचारलं. "सर्दी होईल."

"उकडतंय," ती म्हणाली. हवा तर गार पडली होती. त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि तो खाली गेला.

दुसरा सोंडा तिला डब्यांच्या फळीवर दिसला. तिसरा सासूबाईंच्या उशीशेजारी. धान्याच्या खोलीत जाऊन पोती उघडून बघावीत, हे तिला कळत होतं. पण उघडली आणि दिसलं तर? बघितलं नाही तोवर खरं नाही, अशा भाबड्या आशेवर तिनं आठवडा ढकलला.

शेवटी बेकरीवालाच आला. गिरणी चालू होती, दळणाचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या, आणि त्यानं सगळ्यांच्या देखत पिठाचं पोतं जमिनीवर आदळलं.

"गिरणीवाले, हे काय विकता मला? चाळणीत बघा काय उरलंय!"

त्यानं चाळणी पुढे धरली. चाळणीत तपकिरी ठिपके हलत होते. रांगेतली एक बाई आपला डबा उचलून मागे सरली.

बरणीबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर होती. नवऱ्यानं गिरणी बंद केली, चाळणी हातात घेतली, आणि मग मान वळवून वर तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तिला लगेच कळला. ती तिथेच पायरीवर बसली.

गिऱ्हाईक पांगल्यावर त्यानं विचारलं, "तुझ्याकडूनच आले ना?"

"माहीत नाही हो."

"माहीत नाही म्हणजे? अजून कुणाच्या घरी बरण्या भरून किडे आहेत?"

"घरी नाहीत. तिकडे आहेत."

"कुठे आहेत किडे?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. मग सगळं सांगावंच लागलं. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा असा झाला की हसावं की ओरडावं हे त्यांचं त्यांनाच ठरेना.

"म्हणजे तू किडे पाळतेस? सरकार पगार देतं त्याचा?"

"पाळते म्हणजे… अभ्यासासाठी, आई."

"आणि मी शेजारणीला सांगत फिरते, माझी सून ऑफिसर आहे!"

तिघांनी मिळून धान्याची खोली उघडली. बरणीबाईनं पांढऱ्या गव्हाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आतला गहू गरम होता. आजारी माणसाच्या अंगासारखा गरम. आत किडे इतके माजले होते की त्यांच्या वावरण्यानंच धान्य तापलं होतं. बाहेर आलेल्या मुठीत निम्मे दाणे पोकळ, बाकी भुगा. शेजारीच लाल गव्हाची पोती होती. त्यांवरही काही सोंडे फिरत होते, पण आतला दाणा गार आणि बहुतेक धड होता. बरण्यांमध्ये दिसायचं तेच इथे पोत्यांत दिसत होतं. मऊ दाण्यात सोंड सहज जाते, टणक दाण्यात जायला जीव जातो.

पण पहिला किडा आणला कुणी, हे काही ती पोती सांगत नव्हती.

दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी कोट न चढवता ती थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, मला कामावरून काढा. पण आधी एवढं सांगा, माझ्या घरातले किडे इथलेच आहेत का?"

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, पण चेहरा उतरला, आणि ते बघून बरणीबाई जास्तच घाबरली. खोलीतून किडे बाहेर जातात अशी बोंब झाली तर खोलीच बंद व्हायची, हे दोघींनाही कळत होतं.

"किडे आणून दाखवलेत तरी मी सांगू शकणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळीकडे हीच जात आहे. इथला आणि तिथला शेजारी ठेवला तर मलाही फरक कळायचा नाही. तो गहू आला कुठून?"

"माझ्या मामेसासऱ्यांकडून."

"त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे? तुमच्या घरी न आलेला, तुमच्या हाताचा स्पर्श न झालेला?"

"असेल."

"तो थेट इकडे आणायचा. बंद बरणीत ठेवू. किडे आधीपासून दाण्यात असतील, तर महिना-सव्वा महिन्यात बाहेर येतील." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "आणि तोवर बरणीबाई, तुम्ही त्या खोलीत यायचं नाही. पुढच्या ऑफिसात बसा."

ती नवऱ्याबरोबर मामांकडे निघाली. तिच्या मनात एक लाजिरवाणी आशा होती, की मामांचं कोठार घाणेरडं निघावं. कोपऱ्यात जुना भुसा, छताला जाळी, असं काही दिसावं. पण मामांनी दार उघडलं तर आत आरशासारखं लख्ख. भिंती चुन्यानं रंगवलेल्या, जमीन झाडलेली, पोती फळ्यांवर रचलेली. गहू हातात घेतला तर स्वच्छ, एक भोक दिसेल तर शपथ.

"माझ्या गव्हात कीड?" मामा म्हणाले. रागापेक्षा त्यांच्या आवाजात दुखावल्याचं जास्त होतं. "तीस वर्षं तुमच्या गिरणीला गहू देतोय. एकदा तरी तक्रार आली? आणि सूनबाई तिकडे किडे सांभाळते म्हणे. ताईनं सांगितलं मला."

"मामा, फक्त तपासायला हवाय," नवरा म्हणाला.

"न्या. तपासा. माझ्या घरात येऊन माझाच गहू तपासा."

त्यांनी पांढऱ्याची एक पिशवी दिली आणि लालची एक, दोन्ही स्वतः दोऱ्यानं घट्ट बांधून. चहा विचारला नाही. परतताना पिशव्या नवऱ्यानंच धरल्या. तिनं त्यांना हात लावला नाही, आणि गाडी थेट केंद्राच्या फाटकाशी थांबली.

मग वाट बघणं सुरू झालं. पांढरा गहू त्यांनी गावाबाहेर नेऊन जाळला. लाल गहू उन्हात पसरला, चाळला, पुन्हा भरला. बेकरीवाल्यानं दुसरी गिरणी धरली. गल्लीत बातमी पसरायला काही वेळ लागला नाही. दळण टाकायला येणाऱ्या बायका डब्याचं झाकण लावून उभ्या राहत आणि ती जिना उतरताना दिसली की बोलता बोलता थांबत. पुढच्या ऑफिसात ती पाकिटांवर पत्ते लिहायची. मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला की तिचा हात थांबायचा.

सासूबाईंनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. त्यामुळेच तिला जास्त त्रास झाला. त्या नुसत्या कमी जेवू लागल्या. एका दुपारी भाजी निवडता निवडता त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मऊ गहू मीच मागितला होता."

बरणीबाई चमकली. आतापर्यंत ती स्वतःचीच सुटका मागत होती. आता तिच्या लक्षात आलं, की आपण सुटलो तर दोष कुणाच्या तरी माथी जाणार. भाच्याच्या गिरणीला कीड देणाऱ्या मामांच्या, नाहीतर हट्टानं तो गहू मागणाऱ्या या म्हाताऱ्या बाईच्या. मामांची आणि सासूबाईंची बोलचाल तर आधीच थांबली होती. निकाल काय लागावा अशी प्रार्थना करायची हेच तिला समजेना. भाजी निवडून झाली तरी ती ताटासमोर बसून होती.

महिना उलटून गेल्यावर एके दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. "या," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच तिला कोट दिला.

बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पांढऱ्या गव्हाच्या बरणीत काचेवर सोंडे चढत होते, पडत होते, पुन्हा चढत होते. तळाला पिठाचा थर. लालच्या बरणीतही होते, पण शोधावे लागत इतके थोडे, आणि तेही किरकोळ अंगाचे.

"दोरा मी सोडला, बरणी मी भरली," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे तिथूनच आत होते. जुनी पोती वापरत असतील ते. शिवणीत एक-दोन राहिले तरी पुरतात."

"पण कोठार किती स्वच्छ होतं…"

"असेल. गार कोठारात ते सावकाश वाढतात, तुमच्या गिरणीच्या उबेत झपाट्यानं. लाल गव्हात दर वर्षी थोडे येत असणार, वाढत नसणार, म्हणून कुणाला कळलं नाही. यंदा त्यांना मऊ गहू मिळाला."

बरणीबाईनं मोठा श्वास घेतला. तो सोडायच्या आत मोठ्या बाई पुढे म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. मामांकडून आले, एवढं यावरून कळतं. तुमच्या कोटावरून एकही गेला नाही, असं कळत नाही. ते कधीच कळणार नाही."

"हो बाई," ती म्हणाली. ही गोष्ट तिच्या मनात आधीच येऊन बसली होती. आता तिथून ती उठणार नव्हती.

घरी नवरा गिरणीच्या पट्ट्याला हात लावून उभा होता. तिनं सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नाही. तो बराच वेळ पट्टा उगाच ताणून बघत राहिला.

"त्या दिवशी मी वर पाहिलं तुझ्याकडे," तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांसमोर बघायला नको होतं."

त्याच्याकडून याहून जास्त माफी येणार नव्हती, आणि तिला ती पुरली. सासूबाईंना सांगणं मात्र जड गेलं. तिनं शब्द जुळवून जुळवून सांगितलं. किडे सगळीकडेच असतात, आई. लाल गव्हातही होते. कुणी मुद्दाम दिले नाहीत, कुणी मुद्दाम मागितले नाहीत. लाल दाणा त्यांना फोडता येत नाही, पांढरा येतो, एवढंच.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांचं आणि माझं सारखंच की," त्या म्हणाल्या. "टणक चाववत नाही, मऊ दिसला की तुटून पडायचं." आणि त्या बोळक्या तोंडानं इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं हसण्याचं किती आणि दुसऱ्या कशाचं किती, हे बरणीबाईनं विचारलं नाही.

मामा मात्र हे मानायला तयार नव्हते. निरोप गेला तर उत्तर आलं नाही. पेरणीचे दिवस जवळ आले तेव्हा एका दुपारी ते अचानक केंद्रात हजर झाले, इस्त्रीचा सदरा घालून, जणू कोर्टात साक्ष द्यायची आहे. मोठ्या बाईंच्या परवानगीनं बरणीबाईनं त्यांना खिडकीच्या काचेतून बरण्या दाखवल्या.

"हे माझे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या गव्हातले."

मामा काचेला नाक लावून उभे राहिले. "पोती बापाच्या वेळची आहेत," ते म्हणाले. "फाटली की शिवायची, एवढंच. टाकवत नाहीत." मग तिच्याकडे न बघता, "आता काय लावू सांग. लालच लावला तर येणार नाहीत ना?"

तिला हो म्हणायची फार इच्छा झाली. सगळेच तिच्याकडून हो ऐकायला टपलेले होते. मामा, नवरा, गल्लीतल्या बायका.

"येतील, मामा. कमी येतील. खात्री मी देऊ शकत नाही. लाल साठवणीला ठेवा. पांढरा लावायचाच तर थोडा लावा, नव्या पोत्यांत भरा, आणि काढल्या काढल्या दळून संपवा."

"ताईपुरता," मामा म्हणाले.

"आईपुरता."

त्या संध्याकाळी ते तिच्याबरोबर गिरणीवर आले. बहीणभावांनी किड्यांचा विषय काढला नाही. मामांच्या गुडघ्याबद्दल आणि शेजारच्या नव्या भिंतीबद्दल बोलत बसले. मध्येच सासूबाई भावावर कशावरून तरी खेकसल्या, तेव्हा नवऱ्यानं बरणीबाईकडे बघून भुवई उडवली.

बेकरीवाला काही परत आला नाही. रांगेतल्या बायका मात्र एकेक करून येऊ लागल्या. त्यातली एक तर घरचा तांदूळ पुडीत बांधून घेऊन आली आणि जिन्याखाली उभी राहून हळूच म्हणाली, "जरा बघता का हो, यात काही आहे का?"

बरणीबाईनं पुडी उघडली, उजेडात धरली, दाणे तळहातावर पसरून बोटानं चाळवले. वरून तर सगळे धड दिसत होते.

"आता दिसत नाही," ती म्हणाली. "पण पुडी घट्ट बांधून ठेवा, आणि महिन्यानं पुन्हा घेऊन या."